स्मारकांचा सातबारा

अबुल फझलाने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची हकीकत ज्या रीतीने लिहिली आहे, ती रीत मोठी मौजेची आहे. सरकारामागून सरकार, सरकाराखाली परगणे, परगण्यापुढे वसुलाचे दाम, मग घोडदळ किती, पायदळ किती, जमीनदार कोणत्या जातीचा, असे कोष्टकच त्याने मांडले आहे. वाशीम हे त्यातले एक सरकार, मेहकर हे दुसरे. १५९६ साली वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून अकबराकडे गेले, तेव्हा नव्या मुलखाची मोजदाद होणे ओघानेच आले. पण या आकड्यांच्या रानातून जाताना अबुल फझल मधूनच थबकतो आणि एखाद्या जागेचे नवल सांगतो. मेहकरच्या अंगाला लोणारपाशी तो असाच थांबला आहे. ब्राह्मण लोक या जागेला विष्णुगया म्हणतात, असे तो सांगतो. आणि लगेच, दम न घेता, इथे काच आणि साबण यांना लागणारे जिन्नस निघतात व त्यांपासून महसूल चांगला येतो, हेही सांगून टाकतो. पुण्य आणि उत्पन्न एकाच दमात! बादशाही दप्तराला दोन्ही सारखीच नोंदण्याजोगी वाटली.

हे कोष्टक मला अलीकडे पुन्हा आठवले ते एका व्हिडिओ गेममुळे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ नावाचा खेळ आहे. त्याची चौथी आवृत्ती २०१३ साली निघाली. व्हिडिओ गेम म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे धावती मोटार किंवा बंदूक रोखलेला शिपाई उभा राहतो, त्यांना हा खेळ पाहून आपण चुकून तहसील कचेरीत शिरलो की काय असे वाटेल. पडद्यावर जगाचा नकाशा असतो. त्याचे हजारो प्रांत पाडलेले असतात आणि प्रत्येक प्रांतापुढे त्याचे उत्पन्न, त्याचा धर्म, त्याची मनुष्यबळाची कुवत मांडलेली असते. काळ १४४४ च्या नोव्हेंबरात सुरू होतो आणि १८२१ च्या आरंभी संपतो. खेळणाऱ्याने बहमनी घ्यावे, विजयनगर घ्यावे, नाही तर पोर्तुगाल घ्यावे, आणि पावणेचारशे वर्षे ते राज्य चालवावे. तह, सोयरिकी, कर्ज, फौजा, धर्म, व्यापार, सगळे त्यात आहे. राजा मरतो, खेळणारा मरत नाही. एवढाच काय तो इतिहासाहून फरक.

या खेळात जगातली प्रसिद्ध स्मारके आली ती २७ एप्रिल २०२१ रोजी, ‘लेव्हायथन’ नावाच्या पुरवणीने. ही पुरवणी इतके दोष घेऊन बाजारात आली की विकत घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कंपनीचा उद्धार केला, आणि स्टीम या विक्रीच्या ठिकाणी ती पसंतीच्या यादीत अगदी तळाला जाऊन बसली. दोष पुढे निस्तरले गेले, स्मारके मात्र राहिली. ग्रॅनडाचा अल्हाम्ब्रा, कंबोडियाचे अंग्कोर वाट, जाव्यातले बोरोबुदुर, पोलंडमधला माल्बोर्कचा किल्ला, अशी कितीतरी. त्याआधीही खेळांत आश्चर्ये होतीच. सिड मायर यांच्या १९९१ सालच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये पिरॅमिड जो आधी बांधील त्याचा, इजिप्तनेच बांधला पाहिजे असे काही नाही. या नव्या खेळातले स्मारक मात्र जागचे हलत नाही. ते ज्या मातीत खऱ्या जगात उभे आहे त्याच प्रांतात नकाशावर उभे असते. प्रांत ज्याचा, स्मारक त्याचे. मग त्या राज्याची प्रतिष्ठा वाढते, बंडाळी कमी होते, व्यापार सुधारतो, ज्या स्मारकाला जे फळ नेमून दिले असेल ते मिळते. पैसा ओतून स्मारकाची पायरी वाढवता येते. अशा तीन पायऱ्या असतात, आणि पायरीगणिक फळ वाढते.

याहून गमतीची गोष्ट अशी की, ही स्मारके कोणालाही घालता येतात. प्रत्येक स्मारक म्हणजे साध्या मजकुराचा एक तक्ता आहे. प्रांत कोणता, बांधल्याची तारीख कोणती, आरंभीची पायरी कोणती, खर्च किती, काम किती महिन्यांचे. स्मारक दुसरीकडे हलवता येते की नाही. त्याचा लाभ कोणत्या धर्माच्या अथवा संस्कृतीच्या राज्याला घेता येतो. ते राखण्याची अट काय. आणि शेवटी फळ, प्रांताला काय आणि राज्याला काय. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. साताच्या नमुन्यात मालक, बाराच्या नमुन्यात पीक. हा स्मारकांचा सातबारा आहे.

वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात, केनवड म्हणून आमचे गाव आहे. खेळाच्या नकाशावर ते असण्याचा प्रश्नच नाही. जिल्ह्याच्या नकाशावरही ते बोट ठेवून दाखवावे लागते. गावातली दोन मुले, चुलतभाऊ, हा तक्ता घेऊन माझ्याकडे आली, कारण शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला आहे. “सर, आपल्या इकडचं त काईच नाई याच्यात,” असे धाकट्याचे म्हणणे. थोरला अमरावतीला अभियांत्रिकी शिकतो. त्याचा दावा अधिक मोठा होता. अजिंठ्याची लेणी वाशीमच्या राजांच्या काळात कोरली गेली हे त्याने कुठेसे वाचले होते, आणि ती वाशीमच्या नावावर चढवावी अशी त्याची इच्छा होती. मला तो हट्ट पोरकट वाटला नाही. ज्याच्या गावाचे नाव कोणत्याच मोठ्या पुस्तकात येत नाही, त्याने निदान फेरफाराचा अर्ज तरी करावा. पण एकेक रकाना भरू लागल्यावर जे निघाले ते असे आहे की, ते लिहून ठेवावे असे वाटले.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. पाचव्या शतकात वाकाटकांच्या धाकट्या पातीची ही राजधानी होती. आज हे वाक्य सहज लिहिता येते. शंभर वर्षांपूर्वी ते कोणालाच लिहिता आले नसते. १९३९ साली वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. राज्याचे ३७ वे वर्ष, दान देणारा राजा, दान घेणारे अथर्ववेदी ब्राह्मण, आणि दान सुटले ते ठिकाण: वत्सगुल्म. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. राजाच्या पूर्वजांसाठी एक भाषा आणि गावच्या शिवेसाठी दुसरी. या पत्र्यांमुळे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा इथे राज्य करीत होती हे प्रथमच स्पष्ट झाले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातला शिलालेख नव्याने वाचला तेव्हा या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन त्यातही आपल्या जागी बसला. तो लेख आधीच्या पंडितांनी वाचलेला होता. पण सर्वसेनाला ओळखण्याची किल्ली वाशीमच्या मातीत पडून होती. राजघराण्याची आठवण त्याच्या राजधानीतून इतकी समूळ गेली होती की, हा सर्वसेन प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य लिहिणारा कवी होता, राजशेखराने वत्सगुल्म नगराचे मोठ्या प्रेमाने नाव घेतले आहे, हे सारे पोथ्यांतून असूनही ते नगर आणि आपला वाशीमचा बाजार यांची सांगड लोकांच्या मनात पक्की नव्हती.

आता मालकीचा रकाना. १६ वे लेणे कोणी कोरविले? हरिषेण राजाने नव्हे, त्याचा मंत्री वराहदेव याने. लेखात वाकाटकांची वंशावळ आहे, हरिषेणाचा दरारा कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र इतक्या देशांशी जोडलेला आहे. पण दान मंत्र्याचे आहे. जवळच गुलवाड्याचे घटोत्कच लेणेही त्याच वराहदेवाचे. १७ वे लेणे एका मांडलिक राजाचे. २६ वे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचे, आणि तेही अश्मक देशाच्या भव्विराज मंत्र्याच्या स्मरणार्थ. वॉल्टर स्पिंक यांनी या लेण्यांत आयुष्य घालवले. पहिले लेणे मात्र खुद्द हरिषेणाचे असावे असे त्यांचे मत होते. मत म्हणून ते मानावे. म्हणजे ज्याला आपण एक स्मारक म्हणतो ते मंत्री, मांडलिक, भिक्षू आणि कदाचित राजा यांनी आपापल्या खिशातून केलेल्या तीसेक कामांची चाळ आहे. तक्त्यात ‘मालक’ एकच बसतो.

तारखेच्या रकान्यात तर आणखी पंचाईत. ९ वे आणि १० वे लेणे इसवी सनापूर्वीच्या शतकांतले. मग जवळजवळ पाचशे वर्षे छिन्नीचा आवाज नाही. आणि मग हरिषेणाच्या काळात एकदम झुंबड. स्पिंक यांच्या हिशेबाने ही दुसरी झुंबड जेमतेम वीस वर्षांची, ४६० ते ४८० च्या आसपासची. सर्वांना हा हिशेब मान्य नाही, मिराशी हरिषेणाला थोडा पुढे आणतात. पण काम घाईने चालले आणि अर्धवट टाकून थांबले हे कोणाही डोळसाला लेण्यांतून फिरताना दिसते. कित्येक खांब अर्धे कोरलेले आहेत, कित्येक भिंतींना गिलावा लागला आणि रंग लागलाच नाही.

लाभाच्या अटीचा रकाना सर्वांत विनोदी. खेळात बहुतेक धर्मस्मारकांना अट असते: राज्य त्याच धर्माचे हवे, नाही तर फळ नाही. वाकाटक हे वैदिक यज्ञांचा अभिमान सांगणारे घराणे. अश्वमेधांची गणती त्यांच्या ताम्रपटांत आहे. त्यांच्या राज्यात, त्यांच्या मंत्र्याच्या पैशाने, बौद्ध भिक्षूंसाठी, जगातली एक अत्यंत सुंदर चित्रशाळा उभी राहिली. तक्त्याचा नियम लावला तर हरिषेणाला अजिंठ्याचे फळ शून्य! नियम मोडून ते त्याच्या पदरात टाकले, तरी ते काय म्हणून टाकायचे? हरिषेणानंतर वत्सगुल्माची शाखा इतक्या लवकर नाहीशी झाली की, त्याच्या वारसाचे नावही धडपणे उरले नाही. अजिंठ्याने राज्याची बंडाळी कमी केली नाही, सैन्य वाढवले नाही. खेळाचा मूळ सिद्धांतच असा की थोर स्मारक राज्याला बळ देते. आणि इथे तर स्मारक शिगेला पोचले असताना राज्य खचले.

बरे, खेळाच्या काळात, म्हणजे १४४४ ते १८२१ या पावणेचारशे वर्षांत, अजिंठ्याचे काय होते? गावाजवळच्या माणसांना दरीत लेणी आहेत हे ठाऊक असणारच. गुराख्यापासून काय लपते? पण सातव्या शतकात युआन श्वांगाने ऐकीव वर्णन लिहून ठेवल्यानंतर राज्यकर्त्यांच्या दप्तरातून ही जागा जवळपास उठून गेली. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत जखमी झालेल्या गोऱ्या शिपायांसाठी आर्थर वेलस्लीने इस्पितळ ठेवले ते अजिंठा गावातच. काही कोसांवर पद्मपाणी उभा होता. कोणाला पत्ता नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी शिकारीच्या नादात दरीपाशी आला आणि १० व्या लेण्याची कमान त्याला झाडीतून दिसली. आत गाळ इतका साचला होता की, त्याने खांबावर कोरलेले आपले नाव आज आपल्या डोक्याच्याही वर राहते. खेळ संपतो १८२१ च्या आरंभी. म्हणजे नकाशावर अजिंठा ठेवलाच, तर त्याचे फळ मिळायला हिशेबाने दीड-पावणेदोन वर्षे उरतात, आणि तीही निजामाला; कारण तेव्हा तो मुलूख त्याचा. थोरल्या मुलाने यावर मान हलवली आणि बोरोबुदुरचे विचारले. ते खेळात आहे ना? आहे; आणि त्याचीही गत हीच. राखेत आणि रानात गेलेले ते स्तूपमंदिर रॅफल्सच्या हुकुमाने १८१४ मध्ये साफ करायला घेतले गेले. पण खेळात ते पहिल्या दिवसापासून हजर आहे. खेळ करणाऱ्याला आजचे जग ठाऊक असते, आणि तो ते कालच्या राजाच्या पदरात टाकतो. युनेस्कोने अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली जागतिक वारशात घेतले. ती यादी हातात धरून पंधराव्या शतकाचा नकाशा रंगवला की असे होणारच.

‘हलवता येते काय?’ हा रकाना मला प्रथम हास्यास्पद वाटला होता. किती अंतराला किती दिवस, हेही त्यात लिहायचे असते. पण एकोणिसाव्या शतकात हाच उद्योग खरोखर चालला होता. लेणी उचलता येत नाहीत म्हणून चित्रांच्या नकला विलायतेला गेल्या. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या पुष्कळशा १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. भिंतीवरची मूळ चित्रे पंधराशे वर्षे गाळात, वटवाघळांत आणि ओलीत तग धरून राहिली, आणि राजधानीत जपून ठेवलेल्या नकलांना दोनदा आगीने गाठले.

आमच्या शेजारच्या मेहकरचे उदाहरण याच्या उलट आहे. १८८८ साली तिथे जमिनीतून शार्ङ्गधराची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती निघाली. इंग्रज सरकार ती लंडनला नेणार अशी आवई उठली, म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना करून टाकली, असे मेहकरचे लोक सांगतात. प्रतिष्ठा झालेला देव हलवणे म्हणजे दंगलीला निमंत्रण, हे कलेक्टरला कळत होते आणि गावाला त्याहून चांगले कळत होते. तक्त्यात एका शब्दाने ‘हो’चे ‘नाही’ होते. मेहकरच्या लोकांनी तेच एका पूजेने केले.

खेळाचा नियम जिथे चोख बसतो अशी स्मारकेही आहेत, आणि त्यांचे माप त्यांच्या पदरात घातलेच पाहिजे. ती म्हणजे किल्ले. किल्ला ज्याच्या हाती त्याला बळ, यात इतिहास आणि खेळ यांचे भांडण नाही. माल्बोर्कचीच गोष्ट घ्या. ट्यूटॉनिक सरदारांच्या संघाचा हा प्रचंड विटांचा किल्ला लढाईत सहजी पडला नसता. पण संघाने भाडोत्री शिपायांचा पगार थकवला, किल्ला त्यांच्याकडे गहाण पडला, आणि १४५७ मध्ये त्यांनी तो सरळ पोलंडच्या राजाला विकून टाकला. अल्हाम्ब्राही १४९२ च्या २ जानेवारीला तहाने, किल्ल्या हातात देऊन, गेला. खेळात असे व्यवहार होऊ शकतात, आणि ते खरे वाटतात.

आमच्याकडे याच जातीचा गाविलगड आहे. बहमनी अहमदशहाने तो पंधराव्या शतकात बांधला, फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने १४८८ मध्ये दुरुस्त केला, आणि दोन वर्षांत, १४९० मध्ये, तो वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला. आधी पायरी वाढवली, मग राज्य मिळाले. खेळणाऱ्या मुलाला हा क्रम शिकवावा लागत नाही. फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत पकडलेला, असे फिरिश्ता सांगतो. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर सिंहांबरोबर गंडभेरुंडही कोरलेला आहे. तो पाहिला की तक्त्यातल्या ‘संस्कृती’च्या रकान्यात काय लिहावे या विचाराने कोणीही घोटाळ्यात पडेल. १८०३ मध्ये आडगावची लढाई जिंकून वेलस्ली या किल्ल्यावर आला. कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगरांतून ओढून उत्तर अंगाला नेल्या, १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. मध्ये एकच दिवस! रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, पण त्या तहात गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र आपल्याकडे ठेवून घेतले. मुलूख गेला तरी चालेल, किल्ला राहू द्या, हे मागणे खेळातले नव्हे.

दिवाळीत पश्चिम महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. आमच्या वऱ्हाडात शेणाचा गोवर्धन होतो, किल्ल्याची चाल तितकीशी नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. वऱ्हाडातला त्यात एकही नाही. शिवकालीन स्वराज्याची ती यादी आहे, तेव्हा नाही हे योग्यच आहे. धाकट्याला मात्र हे योग्य वाटले नाही, आणि त्याने त्या संध्याकाळीच गाविलगडचा तक्ता भरून टाकला. तो उत्तम भरला होता.

लोणारचे विवर घालावे असेही त्याच्या मनात होते. बांधल्याची तारीख? उल्का कोसळल्याचा काळ शास्त्रज्ञांच्या जुन्या मापाने पन्नास हजार वर्षांचा, तर नव्या मापाने साडेपाच लाखांच्याही वर जातो. तारखेच्या रकान्यात तो मावायचा कसा? काच-साबणाचे जिन्नस आणि महसूल हे अबुल फझलाने दिलेले फळ मात्र तयारच आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचा विषय निघाला तेव्हा मीच त्यांना थांबवले. जमिनीला न टेकता अधांतरी राहिलेली मूर्ती, ही त्या देवाची ख्याती. पण लाभ कोणी घ्यावा या एका प्रश्नावर जैनांच्या दोन पंथांचा वाद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चालला, १९८१ पासून मंदिराला कुलूप राहिले, आणि ते निघाले २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. बेचाळीस वर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत चाललेला रकाना केनवडच्या दोन पोरांनी एका संध्याकाळी भरू नये.

मग वाशीमच्या नावावर काय घालायचे? मी त्यांना हिस्सेबोराळ्याचे नाव सांगितले. वाशीमजवळच्या या गावी एक शिलालेख सापडला. वाकाटक राजा देवसेन, हरिषेणाचा बाप, याच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने इथे एक जलाशय बांधला. त्याचे नाव सुदर्शन. आणि लेखात शक ३८० दिलेले आहे, म्हणजे इसवी सन ४५८. वाकाटकांचे लेख बहुधा राज्यवर्षात बोलतात. शकाचे स्पष्ट वर्ष देणारा हा त्यांच्या काळातला मोठा मोलाचा पुरावा. वत्सगुल्माच्या साऱ्या कालगणनेचा खुंटा एका तळ्याच्या दगडाला बांधलेला आहे.

याच नावाचे दुसरे, अधिक प्रसिद्ध तळे गिरनारच्या पायथ्याशी होते. ते चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने बांधले. इसवी सन १५० मध्ये वादळाने बांध फुटला तेव्हा शक राजा रुद्रदामन याने तो पुन्हा घातला, आणि प्रजेवर नवा कर किंवा वेठ न लादता आपल्या खजिन्यातून खर्च केला असे दगडावर अभिमानाने लिहून ठेवले. पुन्हा फुटला तो स्कंदगुप्ताच्या काळात. पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित याने तो दुरुस्त केला, ४५५ ते ४५८ च्या दरम्यान. म्हणजे गिरनारचा सुदर्शन नव्याने बांधला जात होता, नेमक्या त्याच वर्षांत वाशीमकडे दुसरा सुदर्शन बांधला गेला. स्वामिल्लदेवाने ते नाव तिकडचे ऐकून ठेवले होते काय? दगड काही सांगत नाही. पण असे वाटल्यावाचून राहत नाही.

खेळाच्या नियमांना याहून साजेसे स्मारक मला दुसरे सुचत नाही. मौर्य, शक आणि गुप्त अशी तीन घराणी, एकच बांध, आणि प्रत्येकाने पैसा ओतून तो पायरीने वर आणलेला. धर्माची अट नाही, कारण पाण्याला ती नसते. राखण्याची अट मात्र कडक. वाशीमचा सुदर्शन ती पाळू शकला नाही. त्याला रुद्रदामन भेटला नाही. राज्य गेले, बांध गेला, गाव राहिले आणि दगड राहिला.

तक्ता आम्ही असा भरला: बांधल्याची तारीख ४५८, हलवता येत नाही, लाभाच्या अटीचा रकाना मोकळा, फळ प्रांताच्या शेतीला, राज्याच्या प्रतिष्ठेला काही नाही. यावर थोरला कुरकुरला, प्रतिष्ठा नाही तर तळ्याला पैसे कोण घालील? मी त्याला म्हटले, तेच पाहू या. १४४४ मध्ये बांध पडलेला, म्हणून आरंभीची पायरी शून्य ठेवली; खेळात तशी सोय आहे. आता तो बहमनी सुलतान होऊन खेळतो आहे. परवा विचारले तेव्हा १५३७ साल चालू होते. गाविलगड तिसऱ्या पायरीवर पोचला आहे, तोफा ओतल्या जात आहेत, आणि सुदर्शन अजून शून्यावरच आहे.